एका पायात बूट, एका पायात चप्पल

मी डोंगरकड्याचा, हिंगोली जिल्हा, आन् आमी बहुरूपी, आमच्याकडं रायरंद म्हन्तेत, आजा रायरंद, बाप रायरंद, शाळा माझी चौथीपर्यंतच, कारण सुगी झाली की आमचं बिऱ्हाड गावोगाव हिंडायचं, तर शाळा कोन्त्या गावात करावी. काय सांगू ताई तुमाला, चार दिवसांनी समोर कोनी मराठी बोलनारं भेटलं म्हनून एवढं बोलून राहिलो, न्हाईतर या वाळूत कोनाशी बोलावं, उंटाशी?

आमचं काम कसं, की पोलीस बनून दारात जायाचं, तुमच्यावर वारंट निघालं म्हनायचं, मानूस आधी घाबरला पायजे आन् मंग हसला पायजे. बापानं एकच नियम शिकवला, सोंगात एक खोट उघडी ठेवायची, एका पायात बूट, एका पायात चप्पल. घाबरवायचं पन फसवायचं न्हाई, समोरच्यानं खाली पाह्यलं की त्याला कळलं पायजे. बाकी सगळी तोंडाची करामत.

आता त्या तोंडाला बी कोन विचारते. पोलीस आला म्हनलं तरी लोकं मोबाइलमधून मान वर करत न्हाईत. मेव्हना वसमतला हळदीच्या कारखान्यात हाय, दोन वर्सं झाली मागं लागला, सोंग सोडा, या हिकडं. त्यात हे राजस्थानातलं बोलावनं आलं, वाळवंटात कलेची जत्रा म्हने. म्या बायकोला, सुमनला, म्हनलं हे शेवटचं, जमलं तर जमलं, न्हाईतर हळद.

आन् हितं पहिल्याच दिवशी डोकं उठलं. इंतजाम पाहनारे साहेब मानूस लय चांगला, तिकिटापासून पांघरुनापर्यंत सगळं बराबर, पन ऐकून घेईल तर शपथ. मला कोरा करकरीत ड्रेस दिला, दोन्ही पायांत चकाचक बूट. म्या म्हनलं साहेब, एक बूट नको, तर म्हने गरिबी काहून दाखवता. मंग स्टेजवर चढवलं, आन् आधी भोंग्यावरून सांगून टाकलं की आता नकली पोलीस येनार हाय. सांगून ठेवल्यावर घाबरंल कोन, ताई? माझी हिंदी हिंगोलीच्या बाजारापुरती, त्या हिंदीत मी घसा फोडून वारंट वाचून राहिलो आन् लोकं उठून चहाला चालले. साहेब म्हनले, उद्या बी असंच झालं तर परवाच्या गाडीत बसवून देतो. म्या तंबूमागं जाऊन सुमनला फोन लावला, साहेबाच्या नावानं बोंबललो, रडलोच म्हना ना, भावाला सांग, येऊन राहिलो. ती नुसतं बरं म्हनली.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टेजची वेळ झाली आन् माझं डोकं सटकलं. जायाचंच हाय तर बापासारखं करून जाऊ. डावा बूट काढला, चप्पल घातली, आन् स्टेजकडं न जाता सरळ चहाच्या रांगेत घुसलो. बोललोच न्हाई, नुसती शिट्टी. रांग सरळ केली, एका गोऱ्या बाईची टोपी सरळ केली, उंटवाल्याला मागं हटवलं, उंटावर बी डोळे वटारले. लोकं खरंच सरकून राहिले. तेवढ्यात साहेब मला हुडकत पळत आले. म्या शिट्टी फुंकली, हात आडवा केला, त्यांच्या गळ्यातला पास ओढून सुलटा-उलटा पाह्यला, आन् बोटानं दाखवलं, रांगेत, सगळ्यांच्या मागं. मला चांगला वळखनारा मानूस, ताई, गेला ना गुमान, जाऊन उभा राह्यला, तोंड पाडून. मंग त्यांची नजर माझ्या पायावर गेली.

पयले तेच हसले, मंग सगळी रांग, थांबायलाच तयार न्हाईत. तवा मला कळलं, एवढी वर्सं म्या जिभेच्या भरवशावर सोंग केलं, मान्साकडं नीट पाह्यलंच न्हाई. तोंड बंद केलं तवा दिसाया लागलं, कोन कशाला भितो, कोनाला हसायची घाई हाय. चाळिशीत कळलं, काय करावं.

सुमनला पुन्यांदा फोन केला, भावाला सांग, येत न्हाई. ती म्हनली, म्या त्याला काई सांगितलंच नव्हतं. काहून, म्हनलं. तर म्हने, "तुमी लय चिडलेले होते. सोडून देनारा मानूस एवढा चिडत न्हाई."

पुढल्या वर्सी बी बोलावतो म्हनलेत साहेब, त्यांच्या लेकराबाळांचं भलं होवो. पन आता नवीनच तकलीफ काढली, चहापाशी पाटी लावतो म्हन्तेत, रोज दुपारी हितं नकली पोलीस येतो, असं लिहून. सकाळपासून समजावून राहिलो. ताई, तुमची हिंदी चांगली असंल, जरा तुमीच सांगा ना त्यांला.