डोळे मिटा, हात वर करा

मंडळी, कोणी बोटीने आलात, कोणी गाडीने वळसा घालून आलात, कोणी इथलेच, आणि आता पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलात. सावंत बाईंना हे दृश्य फार आवडलं असतं.

बाईंच्या शोकसभेत बोलायला जड जातंय. त्यात माझ्या आधीच्या प्रत्येकाने सांगितलं की बाई मायाळू होत्या. पहिला म्हणाला, म्हणून दुसरा म्हणाला. आता मी वेगळं बोललो तर वाईट दिसणार.

तरी बोलतो. बाई मायाळू नव्हत्या. तिरकस होत्या. मी त्यांच्याकडून काही शिकलो असेन तर तेवढंच.

बोरिवलीहून रोज खाडी ओलांडून त्या आम्हाला गणित शिकवायला यायच्या. आमच्या या गोराईच्या शाळेत तेव्हा एक कायदा होता. हात वर करायचा नाही. उत्तर येत असलं तरी नाही, येत नसलं तरी नाही. कायदा कोणाचा? शेवटच्या बाकावरच्या डॉमनिकचा. तो बघा, आजही मागेच बसलाय. कोणी हात वर केला की हा ओरडायचा, ‘ए शाणा! मास्तर होणार काय रे?’ वर्ग खो खो हसायचा. मीही हसायचो. नाही हसलं तर पुढचा नंबर आपला ना!

बाई विचारायच्या, ‘समजलं?’ आम्ही एका सुरात, ‘होऽऽ!’ मग चाचणी झाली आणि अख्ख्या वर्गाचं एकच गणित चुकलं. बाई मूळच्या मालवणच्या. पेपर टेबलावर आपटून म्हणाल्या, ‘मेंढरां बरी रे तुमच्यापेक्षा. ती ओरडतत तरी.’

दुसऱ्या दिवसापासून नवा हुकूम. ‘डोळे मिटा. ज्याला समजलं नाही त्याने हात वर करा. डॉमनिक, चोरून बघू नकोस.’ मग, ‘हात खाली. डोळे उघडा.’ आणि बाई तेच गणित पहिल्यापासून शिकवायच्या. कोणासाठी? ते कधीच कळलं नाही.

मागच्या वर्षी त्यांच्या घरी गेलो तेव्हा विचारलं, ‘बाई, आता तरी सांगा. डॉमनिकचा हात वर व्हायचा ना?’

म्हणाल्या, ‘तो परवाच येऊन तुझं विचारून गेला.’

त्यालाही सांगितलं नाही, मलाही नाही.

त्यांच्याकडे आणखीही लोक जायचे. तुमच्यातलेच आईबाप, एकेकटे. ‘बाई, पोराला आपल्याच शाळेत घालायचं मनात आहे. पण सगळे बोरिवलीला इंग्रजी शाळेत पाठवतायत. आम्ही एकट्यांनीच इथे घातलं तर लोक हसतील ना?’ कोण कोण, ते बाईंनी मला सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, ‘जो येतो तो हेच सांगतो.’

यंदा पहिलीत मुलं आली नाहीत तर या शाळेला कुलूप लागणार आहे. सोमवारी प्रवेश सुरू होतायत. हे हसणारे लोक कोण, ते मी शोधतोय. सापडत नाहीत. भेटतात ते सगळे घाबरणारेच.

आता उभे राहू या. बाईंसाठी दोन मिनिटं शांत राहायचं. डोळे मिटायचे. ज्याला आपलं मूल या शाळेत घालायचंय, त्याने हात वर करायचा. डोळे उघडे राहतील ते फक्त आपल्या मुख्याध्यापिकांचे. त्या बाईंच्याच विद्यार्थिनी, नावं फोडणाऱ्यांतल्या नाहीत.

माझी धाकटी यंदा पहिलीत जायची आहे. माझा हात वर आहे की नाही, ते कोणी बघायचं नाही.

मिटा डोळे.

डॉमनिक, चोरून बघू नकोस.