दोन साडूंची एक स्टेपनी

स्टेपनीचा विषय निघालाच आहे, तर आम्हा दोन साडूंचं ऐका. मी आणि सुहासराव, दोघांनी नाशकात एकाच महिन्यात एकसारखी नवी गाडी घेतली. डिकीत स्टेपनीच्या जागी गॅसची टाकी होती आणि पंक्चर झालं तर म्हणून शोरूमवाल्यानं फेसाचा एक डबा दिला होता. आम्ही हुशारी केली, दोघांत मिळून एकच स्टेपनी घेतली.

पुढे मेहुण्याच्या साखरपुड्याला देवळ्याला निघालो. आम्ही दोघं, दोघांच्या बायका, नवरीची साडी, अंगठी, सगळं माझ्याच गाडीत. चांदवड सोडलं आणि टायर कडेनं फाटला. डब्यातला फेस जितका आत गेला, तितकाच बाहेर आला.

"सुहासराव, स्टेपनी?"

"तुमच्याकडे आहे ना?"

"मागच्या महिन्यात तुम्ही नेलीत."

"नेली, पंक्चर झाली म्हणून दुकानात टाकली. तुम्ही आणणार होतात."

"मला वाटलं, तुम्ही आणलीत."

माझ्या बायकोनं सरळ वडिलांना फोन लावला.

सासरे नवी टोपी घालून कांद्याचा पिकअप स्वतः चालवत आले. आम्ही अदबीनं पुढे झालो. त्यांनी टायर पाहिला, मग आम्हाला पाहिलं.

"अंगठी कुठंय?"

दिली.

"साडी?"

तीही दिली.

"पोरींनो, पुढं बसा."

आम्ही मागच्या बाजूनं चढायला लागलो, तसे म्हणाले, "जावईबापू, तुम्ही थांबा. दोघं मिळून एक गाडी तरी नीट सांभाळा."