नात्यातलं गिऱ्हाईक

हॅलो?

हॅलो… कोण? … अगं फौजिया! व्हय, मीच, अजरा. दुसरं कोण उचलणार हितं फोन?

थांब, थांब, दूध ठेवलंय, गॅस बारीक करून येते… हां, बोल आता. बरी हायस ना? अरिबाचा खोकला गेला का? तिला मध चाटव… हळदीचं दूध न्हाई पीत ती, मला म्हाईत हाय… तू मध दे…

व्हय, व्हय. ऐकतीया.

कुणाचा फोन? बँकेचा? तुझ्या नवऱ्याला, फरहानला? … आज सकाळीच? … हं.

न्हाई, मला न्हाई आला. … म्हंजी… आलता एक. म्या उचलला न्हाई.

अगं वरडू नको, ऐक ना. जेवलीस का तू?

बरं, बरं. मुद्द्याचं बोलते.

मला समजत न्हाई व्हय? अगं, एवढ्या चकरा मारल्यात बँकेत, आता म्याच लोकांना शिकवीन. तुझे दुल्हाभाई व्हते तवर टेम्पोच्या कमाईवर हप्ता जात व्हता. ते गेले, टेम्पो गेला, हप्ता थांबला. अन् हितं कंपन्या येणार, कंपन्या येणार म्हणून बिल्डरनं भाव चढवला, त्या काय आल्या न्हाईत. लिफ्ट न्हाई, पाणी टँकरचं. आता कर्ज झालंय मोठं अन् घर त्याच्यापेक्षा स्वस्त. म्हणून बँक म्हणली, मिळंल त्या भावाला विका, सगळे पैसे आमच्याकडं भरा, वरचं कर्ज राहील ते आमी सोडतो… लिलाव करून त्यास्नी बी तेवढंच मिळणार, वर खर्च…

व्हय, लेखी. सोडलं म्हणून लेखीच घ्यायचं. न्हाईतर घर बी जातंय अन् राहिलेलं मागायला बी दारात उभे. ते बी मला ठाव हाय.

अट बी ठाव हाय. गिऱ्हाईक नात्यातलं नको. … का म्हंजी? उद्या जो तो मेव्हण्याला घर विकंल, कर्ज सोडवून घेईल अन् त्याच घरात पाय पसरून बसंल. … व्हय की, आपण त्येच करणार व्हतो. मला तर हसू येतंय. … तुला न्हाई येत? बरं.

फरहान कमी देत न्हवता, खरं हाय. बँक म्हणली तेवढाच भाव देत व्हता. कोण न्हाई म्हणतंय? अन् तुमी माझ्यासाठीच करत व्हता. आपाला हाय त्याच घरात राहता यावं म्हणून. म्या काय इसरले न्हाई ते.

पण नातं न्हाई म्हणून लिहून दिलं ना गं आपण. … कागदावरच, व्हय. तवा बी तू हेच म्हणलीस, आपा, कागदावरच. सही करताना दोनदा पेन खाली ठेवला म्या, तुला म्हाईत न्हाई.

बँकेला कसं कळलं?

…

थांब, दूध उतरवते… हां, सांगते.

परवा त्यांचा माणूस आलता घर बघायला. आनंदराव म्हणून. किंमत लिहून न्यायची असती म्हणं. जिने चढून दमला बिचारा, छातीवर हात धरून उभा ऱ्हायला. पाणी दिलं, चहा टाकला. … का टाकला? घरी आलेल्याला चहा बी पाजायचा न्हाई व्हय?

फोटो… हां. … तुझ्या शादीतला, त्योच.

म्या काढलता गं! अल्लाशप्पथ. तू सांगितलंस त्याच दिवशी उतरवला, कपाटात ठेवला. पण भिंतीवर त्याचा पांढरा चौकोन दिसायला लागला. टीव्ही लावला तरी नजर तितंच. भाकरी खायला बसले तरी तितंच. मग परत टांगला. म्हटलं, त्यो माणूस येईल तवा काढू. अन् ऱ्हायलं.

चष्मा लावून बघितलं त्यानं. म्हणला, शेरवानीत हे तर तुमचे खरेदीदार, फाइलीत फोटो हाय यांचा.

सांगायचं व्हतं की, व्हय! ओळखीचा हाय, गावचा हाय… तोंडापर्यंत आलतं माझ्या. पण त्यानं पुढंच इचारलं, आणि ही नवरी कोण?

फौजिया… ही कोण म्हणून मला कुणी इचारलंच न्हाई गं कवा. हितं येतंय कोण इचारायला?

मग सांगितलं. सगळंच सांगितलं. अम्मी गेली तवा तू चालत बी न्हवतीस. तुला काखेला मारून धुणं घेऊन जायची मी नदीवर. माझ्या हातचंच खायचीस, अन् ते बी चपातीचा वरचा पापुद्रा तेवढा… व्हय, ते बी सांगितलं. शाळेत पहिला नंबर आलता ते बी. अगं, त्यो ऐकत व्हता. दुसरा कप बी घेतला त्यानं. जाताना म्हणला, बाई, हे तुमी मला सांगायला नको व्हतं. म्या म्हटलं, मग कुणाला सांगू?

घालवलं. व्हय, म्याच घालवलं. माझ्या हातानं घालवलं.

न्हाई, पोलिसात न्हाई जायचं कुणी. म्हणला, त्यो कागद रद्द करू, बाहेरचं गिऱ्हाईक आणा. शेजारच्या फुलाबाईच्या वळखीचं एक जोडपं काल बघून गेलंय, तेवढाच भाव देत्यात. बाई लई चांगली वाटली. खिडकीतनं नीरेचा पूल बघत उभी ऱ्हायली बराच येळ… आमी घर घेतलं तवा मी उभी ऱ्हायलेली तशी.

मग मला खाली करावं लागंल. … कुठं जाणार? … बघीन.

न्हाई गं, सासूबाईंना नको इचारूस. म्या कुठं म्हटलं तुझ्याकडं येते?

एक सांगू? रागावू नको. भोर काय परदेशात हाय का? तितनं एस्टीत बसलं की हितं सारोळ्यात. दोन ईदा गेल्या, तू आली न्हाईस. शिरखुर्मा करते, खालच्या वॉचमनला देते. मला लई एकटं वाटतं, फौजिया. घर जातंय म्हणून न्हाई. घर व्हतं तवा बी वाटत व्हतं.

…

काय म्हणलीस?

…

परत म्हण. … न्हाई, नको म्हणूस. रागात हायस तू. कागदावर लिहिताना दोनदा पेन ठेवला म्या, अन् तू तोंडानं म्हणतीस नातं न्हाई…

बरं. बरं, शांत हो. अरिबा रडतीया बघ मागं, घे तिला. … घेतलीस? … मध चाटव.

फौजिया, एकच. ठेवू नको, एकच इचारते. उद्या बँकेत नवीन कागद करायचाय. त्यात एक रकाना असतो, तुमाला फोन लागला न्हाई तर कुणाला लावायचा, जवळच्या नातेवाइकाचं नाव अन् नंबर. मागच्या टायमाला तू म्हणलीस म्हणून मोकळा सोडलता. आता तर लपवायचं काय न्हाई. … तुझा लिहू का?

हॅलो?

फौजिया? … ऐकू येतंय का?

…ठेवला व्हय.

लिहिते मग.