पायडलचा भोंगा

मंडळी, आज एक प्रश्न घेऊन उभा आहे. एखाद्यानं मन लावून काही केलं, चारचौघांत मांडलं आणि ते फसलं — तर दोष कुणाचा? करणाऱ्याचा? वस्तूचा? की आणखी कुणाचा? उत्तराची घाई नको. आधी ऐका!

आमच्या थोरल्या नातीचं, कुसुमचं, लग्न होतं आणि अक्षता पडायच्या आतच मांडव वाऱ्यानं उडाला — त्या वर्षीची ही गोष्ट. आपल्या वडजाईतले लोक आठवण काढून अजून हसतात. हसा, हसा! पुढं हसण्याचीच गोष्ट आहे.

आपल्या गावात दिगंबर शेळमकर. नळाला पाणी सोडायचा, आता निवृत्त. पेन्शनीतल्या माणसाच्या हातात मोबाईल आला की काय होतं? सांगायला नको! गावाच्या ग्रुपवर सकाळी सगळे गुलाबाचं फूल पाठवतात, शुभ सकाळ म्हणतात. दिगंबर काय पाठवायचा? जुनी यंत्रं! छत्रीच्या दांड्यात बसवलेला रेडिओ. केळ्याच्या आकाराचा टेलिफोन. एकदा तर सिनेमातल्या नटीचं चित्र असलेला कंगवा — विंचरलं की त्यातून गाणं वाजतं! आता ज्याच्या डोक्यावर केसच नाहीत, त्यानं गाणं ऐकायचं कसं? हे विचारणारे आमचेच पोलीस पाटील! त्यांनी टोपी काढून दाखवली!

मी अक्षरं चाळिशीनंतर गिरवली. बोट ठेवून वाचतो. पण दिगंबरचं रोज वाचायचो. मजा यायची.

एके दिवशी त्यानं एक फोटो टाकला. लोखंडी घोडीवर उचलून धरलेली सायकल. मागच्या चाकाला डायनामो, त्याला जोडलेली एक पेटी, पेटीला बोलायची नळी आणि वर हा एवढा भोंगा! पायडल मारलं तर आवाज मोठा, थांबलं तर बंद! हायवेवरच्या एका हॉटेलात जुन्या वस्तू मांडून ठेवल्यात, तिथला फोटो. खाली पाटी — ‘बनवणारा अज्ञात.’ आणि दिगंबरनं काय लिहिलं? ‘कुठल्या वेड्याच्या डोक्यातून निघालं असेल हे!’

झालं! हसऱ्या तोंडांचा पाऊस. एक हसला की दुसरा, दुसरा हसला की तिसरा. विचारलं कुणीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिगंबर चहा पितोय, तर दारात हिरूबाई पांचाळ! लोहारआळीतली म्हातारी, केरबा पांचाळाची बायको. केरबाला जाऊन बरीच वर्षं झालेली.

“या काकी, बसा.”

“बसायला नाही आले. काल ज्याला वेडा म्हणालास ना, तो माझा मालक.”

दिगंबरनं बशी खाली ठेवली.

“काकी... हेच ते यंत्र, मला काय ठाऊक!”

“ठाऊक नव्हतं तर विचारायचं. तू हसलास.”

“आत्ता काढून टाकतो फोटो. हा बघा!”

“खबरदार काढलास तर! साऱ्या मुलखात त्यांची तेवढीच एक खूण उरलीय. तू ते यंत्र इथं आण. मारुतीपुढं वाजवायचंय मला.”

“ते वाजलं नव्हतं म्हणतात, काकी.”

“म्हणतात!” म्हातारी एवढंच बोलली आणि वळून चालू लागली.

मंडळी, ते धड वाजलं नव्हतं, हे खरं. तेव्हा गावात वीज नव्हती. सप्ताहाला बायका बसायच्या लांब, पाराच्या पलीकडं. बुवांचा शब्द तिथवर पोचायचाच नाही. बायका नुसते बुवांचे हात बघायच्या! हिरूबाई घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, ‘आज बुवांनी हात लई छान हलवले!’ केरबाला ते लागलं. त्यानं ऐरणीचं काम सांभाळून हे यंत्र जुळवलं. कुणासाठी? पाराच्या पलीकडच्या बायकांसाठी!

पायडलवर बसवला पुतण्या. मी मागं टाळ धरून उभा होतो, या डोळ्यांनी पाहिलंय, तरी फोटोत ओळखलं नाही! कथेत राजाचं मूल हरवलं — पुतण्या रडायला लागला, पाय थांबले, बुवांचा आवाज गडप! मूल सापडलं — पुतण्याला आनंद झाला, पाय सुटले, भोंगा असा किंचाळला की पारावरचे कावळे उडाले! लोक पोट धरधरून हसले.

केरबा हात जोडून म्हणाला, ‘पायाला ताल पाहिजे. माझी हिरू शिलाई मशीन चालवते, तिचे पाय एका चालीनं पडतात. तिला बसू द्या.’

जाणती माणसं म्हणाली, ‘देवापुढं बाई सायकलवर? शोभतं का?’

संपलं. केरबानं यंत्र भंगारवाल्याला दिलं. पुढं जन्मभर खुरपी-विळे केले. नवं काही केलं नाही. आणि लोक त्याला ‘पायडल केरबा’ म्हणत राहिले.

आता दिगंबर हॉटेलात गेला. मालक म्हणाला, “वस्तू विकायची नाही.”

“विकत नकोच. सप्ताहाला एक दिवस द्या. वाजलं तर पाटीवर बनवणाऱ्याचं नाव लिहा.”

“आणि नाही वाजलं तर?”

“तर वेड्याचं म्हणून लिहा! मी स्वतः लिहून देतो.”

मालकाला गंमत वाटली. म्हणाला, “मीच घेऊन येतो टेम्पोतून.”

सप्ताहाचा दिवस. चार वाजता कीर्तन. दिगंबरनं आदल्या दिवशी तारा बदलल्या, वंगण घातलं. बाकी सगळं केरबाच्या हातचं. गाव लोटलं — अर्धं देवासाठी, अर्धं हसायला! हिरूबाईनं पदर खोचला.

सून म्हणाली, “आत्या, गुडघ्यांचा तरी विचार करा!”

“गुडघे माझेत. तू पाणी आणून ठेव.”

तेवढ्यात एक जुने जाणते उठले. “वहिनी, बरं दिसत नाही हे.”

हिरूबाई म्हणाली, “भाऊजी, तेव्हाही तुम्ही हेच म्हणाला होता आणि मी गप्प बसले. आता बघवत नसेल तर डोळे मिटा. कान तेवढे उघडे ठेवा!”

बसली की म्हातारी सायकलवर! आता कीर्तनाला मीच, बोलायच्या नळीपुढं उभा. पायडल फिरलं. आवाज — नाही! खरखर. लोक खुदखुदले. दिगंबरच्या तोंडचं पाणी पळालं. हिरूबाईनं मान वर केली नाही. पाय चालूच. एका चालीनं, जणू लांबलचक शिवण घालायचीय. आणि मंडळी — भोंगा बोलायला लागला! माझाच आवाज, पण कसा? पारावरून, विहिरीवरून घुमून परत येतोय! मी मुद्दाम रडवणारं आख्यान लावलं. लोक रडले, तिचे पाय थांबले नाहीत. मग हसवलं. गाव हसलं, तिचे पाय उधळले नाहीत!

पाराच्या पलीकडून एक म्हातारी ओरडली, “बुवा, शब्दन्‌शब्द येतोय हो!”

हिरूबाईचे पाय थरथरायला लागले. सून पुढं झाली. “उतरा आत्या, मी बसते.”

“ताल सोडशील.”

“तुमच्याच मशीनवर शिकलेय मी.”

फिरतं चाक थांबायच्या आत म्हातारी उतरली, सून बसली. कीर्तन आरतीपर्यंत चाललं! हॉटेलवाल्यानं तिथंच पाटी पुसली. “आजी, नाव सांगा.”

“केरबा पांचाळ, वडजाई.”

“आणि तुमचं?”

“लिही की! बनवणारा केरबा, चालवणारी हिरू.”

तर मंडळी, दोष कुणाचा? यंत्र तेच, तार सोडली तर सगळं तेच. बदललं काय? बसणारं माणूस! दिगंबर अजून रोज फोटो टाकतो, पण खाली लिहितो — ‘कुणी केलंय, ठाऊक असेल त्यानं सांगावं.’ तुम्ही काय करता? बघता, हसता, पुढं ढकलता. उद्या सकाळी बोट उचलाल तेव्हा क्षणभर थांबा आणि विचारा, हे कुणाच्या हातचं? आणि मोबाईल खाली ठेवलात की आपल्या घरातही बघा. ‘शोभत नाही’ म्हणून कुणाला बाजूला बसवलंय का? असेल, तर आज घरी जाऊन त्या माणसाला उठवा. उद्या नाही. आज!

बोला, बजरंगबली की जय!

या कीर्तनानंतर हिरूबाई केरबा पांचाळ गेल्या चैत्रात, हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वारल्या.