अ‍ॅडमिनबाईंनी कापलेला फोन

मंडळी, बसलात का नीट? मागच्या मायमाउल्यांनो, पुढे सरका — पुढे बसणाऱ्याला प्रसाद लवकर मिळतो! हां. आता चित्त इकडे. देवाच्या दारात आज एक प्रश्न मांडतो, आणि त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. सांगा — भांडण मिटवायला जो मध्ये पडतो, तो भांडणाच्या आत असतो की बाहेर?

काय म्हणता? बाहेर? अहो, आमचे पेटीवाले नानासुद्धा मान डोलावतायत — बाहेर! नाना, परवा दोन सुनांच्या मध्ये पडलात, तेव्हा पितळेचं ताट कुणाच्या कपाळाला लागलं? दाखवा, दाखवा ते टेंगूळ! असो. नानांचं टेंगूळ उतरेपर्यंत आपण आख्यान ऐकू.

मंडळी, ऐका. जुन्या आख्यानातली तपस्विनी अरण्यात तप करायची. आजची आमची तपस्विनी सोफ्यावर बसून तप करते, हातात मोबाइल! नाव हेमलताबाई पिसाळ. गाव वाई. शाळेत पर्यवेक्षिका. बाई वऱ्हांड्यातून चालल्या की वर्गातले पंखेसुद्धा हळू फिरायचे म्हणतात! एकुलता एक मुलगा यशोधन. परीक्षा दिली, मुलाखत दिली, निवड झाली — आणि लेकरू पुण्याजवळच्या सैनिकी प्रबोधिनीत दाखल झालं. गावात पेढे वाटले, रिक्षातून फेरी काढली. आणि दार लावून आत आल्यावर बाई स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. रडणारच! पोर सरहद्दीवर जायला निघालं तरी आईला पहिली काळजी काय? तिथं वरणात हिंग घालतात की नाही!

आता पहिल्या सत्रात तिथला रिवाज असा. पोरांजवळ मोबाइल नाही. फक्त रविवारी दुपारी टेलिफोनपाशी रांग लावायची, आपली पाळी आली की घरी फोन करायचा, दोन शब्द बोलायचे. मागचा ओरडतो, ‘आवर रे!’ — की फोन खाली. घरी उचलला नाही? मग संपलं! पुढच्या रविवारपर्यंत आईचा आवाज नाही. नंबर तरी एक असावा? ज्या टेलिफोनपाशी पाळी, तो नंबर! उलट फोन करावा तर नुसती घंटी वाजते, उचलायला कुणी नाही.

म्हणून या पालकांनी काय केलं? ग्रुप काढला! ‘आमचे छावे – पालक परिवार’. आणि अ‍ॅडमिन कोण? अर्थात आमच्या बाई! सुरुवातीला काय गोड चाललं होतं, मंडळी! प्रबोधिनीकडून एखादा फोटो आला की पन्नास आया त्यावर तुटून पडायच्या. सगळ्यांची डोकी भादरलेली, सगळ्यांचे कान बाहेर — ओळखायचं कसं? तरी एक म्हणायची, ‘तिसऱ्या रांगेतला माझाच, बघा कशी मान वाकडी!’ दुसरी म्हणायची, ‘अहो नाही, तो माझा, मान आमच्याकडे वाकडीच असते!’

पण मंथन म्हटलं की अमृताबरोबर काय निघतं? हलाहल! या ग्रुपात दोन महापुरुष होते. एक शिरूरचे ढमढेरे, बँकेतून निवृत्त. दुसरे संगमनेरचे लोहोकरे सर. ढमढेरे एका पक्षाचे, लोहोकरे दुसऱ्या पक्षाचे. कोणते पक्ष? नाही सांगणार! नाव घेतलं तर इथेच निम्मे या खांबाला जाल, निम्मे त्या खांबाला, आणि देव मध्ये एकटा!

‘पाऊस लांबला’ असं कुणी लिहावं, की ढमढेरे विचारणार, ‘आणि तुमच्या लोकांच्या काळात वेळेवर पडायचा का?’ कुणाच्या मुलाला सर्दी झाली, की लोहोकरे सर लिहिणार, ‘आरोग्यव्यवस्थेचे तीनतेरा कुणी वाजवले?’ शेवटी बाईंनी नियम केला — ग्रुपवर राजकारण बंद! जो करील, तो बाहेर!

नियम चांगला की वाईट? चांगला! मी म्हणतो, सोन्यासारखा! पण नियम हातात आला की माणसाच्या हाताला खाज सुटते, मंडळी. बाई आता प्रत्येक संदेशात राजकारण हुंगायला लागल्या. कुणी ‘कमळ’ म्हटलं — काढा! कुणी ‘हात जोडून विनंती’ लिहिली — हात? थांबा, समज द्या! एका बिचाऱ्याने मुलाच्या मनगटावरचं घड्याळ हरवल्याचं लिहिलं, तर त्यालाही ताकीद! यजमान संपतराव एकदा म्हणाले, “अगं, लोकांनी बोलायचं काय मग?” बाई म्हणाल्या, “तुम्ही शेंगा सोला.”

आणि एके दिवशी जत तालुक्यातल्या अक्काताई सरगर यांनी ग्रुपवर लिहिलं, ‘ताई, आमच्याकडं लाईट न्हाय दोन दिस झालं. रविवारी पोराचा फोन आला आन् माजा फोन बंद पडला तर काय करू?’

मंडळी, सांगा, यात राजकारण कुठे आहे? आईचा जीव आहे हो! पण बाईंनी विचार केला — लाईट म्हणजे वीज. वीज म्हणजे सरकार. सरकार म्हटलं की आता ढमढेरे उठणार, त्यामागे लोहोकरे उठणार! आग लागायच्या आधीच काडी काढून टाकावी. आणि अक्काताईंना ग्रुपमधून काढलं! ढमढेरे आत, लोहोकरे आत, अक्काताई बाहेर! चोर सोडून संन्याशाला सुळी, ती ही!

बाई त्या दिवशी समाधानाने झोपल्या. ग्रुप कसा शांत!

उजाडला रविवार. मुलांचा आठवडा फार कडक गेला होता म्हणे, त्यामुळे आया सकाळपासून फोन उशाशी घेऊन. बाईंचाही फोन चार्ज केलेला, हातातच. दुपार झाली. आणि कुण्या बापाने सहज लिहिलं, ‘मुलांच्या बुटांचं पॉलिश हल्ली टिकत नाही.’

बुटाचं पॉलिश! यात तरी काय आहे? पण ढमढेरे म्हणाले, ‘पूर्वी टिकायचं.’ लोहोकरे सरांनी विचारलं, ‘पूर्वी म्हणजे कुणाच्या राज्यात?’ झालं! पॉलिशवरून मंत्री निघाले, मंत्र्यांवरून त्यांचे जावई निघाले, जावयांवरून एकमेकांचे आजोबा निघाले! बाई सरसावल्या. चष्मा वर, पदर खोचलेला. ‘सन्माननीय सदस्यांनी नोंद घ्यावी—’ असं लिहायला लागल्या, तोवर ढमढेऱ्यांचा पुढचा बाण. बाईंनी ढमढेऱ्यांना काढलं!

लगेच फोन वाजला. ढमढेरे! ‘मला का काढलं?’ बाईंनी कापला. परत वाजला, वेगळा नंबर. बाईंनी कानाला लावला, तर पुन्हा ढमढेरेच, बायकोच्या फोनवरून! कापला. आणि बाई पुन्हा लिहायला लागल्या. लांबलचक, मुद्देसूद! ‘आपली मुले देशासाठी घाम गाळत असताना पालकांनी असे वागणे—’

तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर.

संपतराव शेंगा सोलता सोलता म्हणाले, “अगं, आज रविवार आहे.”

“माहीत आहे! हा ढमढेरेच. आता शेजाऱ्याचा फोन घेतला असेल!” आणि बाईंनी कापला!

पुन्हा वाजला. तोच नंबर. पुन्हा कापला! वर ग्रुपवर लिहिलं, ‘कितीही नंबरांवरून फोन करा, मी उचलणार नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व!’ खाली अकरा अंगठे आले. अंगठे! बाईंना वाटलं, आपण गड जिंकला.

मंडळी, का गप्प झालात? कळलं ना? तुम्हाला कळलं, नानांना कळलं, मृदंगवाल्यांची थाप थांबली. बाईंना नाही कळलं! भांडणाचं असंच असतं हो. बाहेर उभ्या असलेल्याला सगळं दिसतं, आतल्याला काही दिसत नाही.

दुपार कलली. ग्रुप थंड झाला. बाईंनी चहा टाकला, आणि चहा उकळता उकळता त्यांना आठवलं. यशूचा फोन? धावल्या. ते दोन कापलेले फोन उघडले. नंबर पुण्याकडचा होता. टेलिफोनचा! उलटा लावला. नुसती घंटी. पुन्हा लावला. घंटी. चहा उतू गेला, आणि ज्या बाईंच्या आवाजाने वर्ग थरथरायचा, त्या ओट्याला धरून उभ्या राहिल्या. संपतरावांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. काही बोलले नाहीत बिचारे. ‘मी म्हटलं होतं’ एवढंसुद्धा नाही! असा नवरा मिळायला पुण्याई लागते, बायांनो.

तोच फोन वाजला. बाईंनी झडप घातली.

“ताई, म्या अक्काताई सरगर. बिरूची आई. तुमचा नंबर ग्रुपात हुता म्हून घावला.”

बाई अवघडल्या. “हे पाहा, तुम्हाला काढलं ते नियमानुसारच—”

“त्ये ऱ्हाऊ द्या वो! तितलं मला निम्मं कळत नव्हतं. तुमचा यशू माज्यासंगं बोलला, म्हून फोन केला.”

मंडळी, झालं होतं असं. गावात वीज नाही, म्हणून अक्काताई सकाळीच डिझेलच्या गिरणीत जाऊन बसल्या होत्या. गिरणीवाल्याकडे फोन चार्जिंगला लावून, पिठाने पांढऱ्या होऊन! ग्रुप नाही, पॉलिश नाही, मंत्री नाहीत. नुसता फोन समोर. वाजला तो उचलला. पलीकडे त्यांचा बिरुदेव. म्हणाला, “आई, माजं राहू दे. ह्यो माजा दोस्त यशू, ह्येची आई फोन कापतीया. तू बोल ह्येच्यासंगं.”

कापतीया! मंडळी, तो शब्द बाईंना कसा लागला असेल!

“काय म्हणाला हो तो?” बाईंनी विचारलं.

“लई दमलाय ताई. पाय सुजलाय, धावताना रोज मागं पडतंय. म्हनला, काकू, मला आईला एवडंच विचारायचं हुतं, की मी घरी येऊ का?”

“मग… तुम्ही काय सांगितलंत?”

“म्या अडाणी बाई काय सांगनार? म्हनलं, लेकरा, घर कुटं पळून चाललंय व्हय? दार उगडंच हाय. कवा बी ये. पर आज पोटभर जेव, सकाळच्याला पाय डाक्टरला दाव, मंग काय त्ये ठरव. तर म्हनला, बरं. …ताई, चुकलं का वो माजं काय?”

बाई मनाशी समजून चुकल्या. यशूने हाच प्रश्न आपल्याला विचारला असता, तर आपण भाषण दिलं असतं. ‘माघार? पिसाळांच्या घरात?’ असंच काहीसं. आता तुमच्यातला एखादा म्हणेल, ‘बुवा, बरंच झालं की फोन कापला, देवाचीच योजना!’ खबरदार! आपली चूक देवाच्या नावावर खपवायची नाही. फोन देवाने कापला नाही. बाईंनी कापला.

बाई म्हणाल्या, “अक्काताई, तुम्हाला परत ग्रुपमध्ये घेते. आत्ता घेते.”

“नगं ताई,” अक्काताई म्हणाल्या. “पोरं फोन लावत्यात तवा फोन मोकळा असलेला बरा.”

बाईंनी ग्रुपवर एकच ओळ लिहिली — ‘आज कुणाकुणाच्या मुलाशी बोलणं झालं?’ ढमढेऱ्यांची बायको अजून ग्रुपात होती; तिच्या फोनवरून ढमढेऱ्यांनी लिहिलं, ‘माझा फोन व्यस्त होता. मी लोहोकऱ्यांना फोन लावून झापत होतो.’ खाली लोहोकरे सर, ‘माझाही. मी ऐकून घेत नव्हतो.’ दोघांची पोरं रांगेत उभी राहून परत गेली होती!

तेव्हापासून रविवारी ग्रुपला कुलूप. आणि पुढचा रविवार कसा गेला म्हणता? बाई दारंखिडक्या लावून, फोन मांडीवर घेऊन बसल्या. पंखा बंद, म्हणजे आवाज नको! दुपार गेली. वाजेना. संपतराव जवळ बसले. ऊन भिंतीवरून उतरलं. वाजेना. बाईंनी देवाला काय काय कबूल केलं, ते मी सांगत नाही. आणि मग वाजला!

“यशू!”

पलीकडून पोर म्हणालं, “आई… उचललास?”

“अरे, सकाळपासून धरून बसलेय! पाय कसा आहे?”

“बरा आहे. पट्टी बांधलीय. राहतो म्हटलं अजून.”

“आणि इतका उशीर का रे? जीव टांगणीला लागला!”

“रांगेत दोनदा उभा राहिलो, आई. पहिल्या पाळीला अक्कामावशीला लावला. तू घेशील की नाही, ठाऊक नव्हतं.”

मागून कुणीतरी ओरडलं, ‘आवर रे!’, आणि फोन बंद झाला.

मंडळी, बाईंना कुणी शिक्षा केली नाही. पोर रागावलं नाही. त्याने फक्त आधी दुसरीकडे फोन लावला. याहून मोठी शिक्षा तुमच्या कुठल्या पुराणात असली तर मला दाखवा!

आता रीतीप्रमाणे मी म्हणायला हवं, दोन्ही हात वर करा, टाळी वाजवा, नाम घ्या. पण थांबा. आधी हात खिशात घाला. काढा तो फोन. लाजू नका, कीर्तनात तुम्ही तो चोरून बघताच, मला इथून सगळं दिसतं! या आठवड्यात आपलं खरं करण्याच्या नादात ज्याचा फोन तुम्ही कापलात — लेकीचा असेल, आईचा असेल, भावाचा असेल — त्याला लावा. आत्ता! इथेच! नामाचा गजर मागून करू. देव थांबतो हो, तो कुठल्या रांगेत उभा नाही. पोरं रांगेत उभी आहेत.