खिशातला मासा

– नाही, नाही, चिमट्याने असा कमरेत धरू नका त्याला फौजदारसाहेब, कातडं सोलून निघेल – द्या इकडे. असा. पोट वर. मासा ओळखायचा तर आधी उलटा करायचा, तोंड बघून ओळखतात ते बाजारात, माझ्याकडे नाही. भिंगातून बघा. पोटाखाली वाटी दिसते? नाही. वाटी असती तर तो खडकाला चिकटणारा साधा मासा, ओहोटीला शंभर डबकी बघा, शंभरांत सापडेल. ह्याला वाटी नाही, दोन काड्या आहेत, बोटांसारख्या – त्यांच्यावर टेकून बसतो हा कपारीत, आणि हात घातलात तर चावतो. खालच्या जबड्यात मागे सुळा आहे बघा, ही सुई लावतो – हां. तुमच्या करंगळीएवढा जीव, पण दोन नर एका कपारीत आले की एक मरेपर्यंत थांबत नाहीत. मी पाहिलंय. एकाने दुसऱ्याचा डोळा काढला माझ्यादेखत, तासभर गुडघे पाण्यात घालून बसलो होतो, हललो नाही. सोडवलं का? छे, मी कशाला मध्ये पडू?

चहा घ्या ना, गार होतोय. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं बरण्या धुतल्या मी, नुसत्या धुतल्या – आणि प्राध्यापकमंडळी पुस्तकं पालथी घालून झाली की दारातून डोकं काढून मलाच विचारायची, अहो, हा कोण बघा जरा. काटेमोज्या म्हणतात मला, तोंडावर म्हणतात, म्हणू देत. पण आजवर एका माशाला चुकीचं नाव दिलेलं नाही. एकाही. म्हणून तर आलात ना तुम्ही – नाहीतर मेलेल्या माणसाच्या खिशातला मासा घेऊन त्याच्याच मेव्हण्याकडे कोण येतं! शर्टाच्या खिशात होता ना? बटण लावलेल्या? बरोबर, पाण्याबरोबर आत शिरला आणि अडकला. आमच्या धाकटीचा नवरा, घरजावई, वरच्या मजल्यावर आठ वर्षं फुकट पसरलेला – शुक्रवारी दारू पिऊन धक्क्यावरून पाय घसरला, शनिवारी तिथेच खाली सापडला, तुमच्याच कागदावर आहे हे. मला काय, माशाचं नाव सांगायचंय, बस्स.

थांबा, पाठीवरचे काटे मोजू द्या. नऊ, दहा, अकरा – बोलू नका मध्ये – बारा. आता डोक्यावरचा तुरा. तुऱ्याला फाटे आहेत का – आहेत. फाटे आहेत, साहेब. म्हणजे हा धक्क्याकडचा नव्हेच. धक्क्याखाली नुसता चिखल आणि तेल, तिथे हा तासभर जगायचा नाही. हा वर राहतो, टोकाच्या काळ्या खडकामागे, एकाच डबक्यात, तेरा आहेत – होते – आणि उधाणाच्या भरतीशिवाय तिथे समुद्र पोचत नाही. तिकडची वाट माझ्याशिवाय – हसता काय? कळतंय मला मी काय बोलतोय ते. वाटीवाला आहे म्हटलं असतं तर तुम्हाला काय कळणार होतं, कप्पाळ! पण जिभेवर येत नाही हो खोटं नाव, काय करू? आणि एवढ्याशा पाण्यात माणूस बुडतो कसा म्हणता? बुडतो की. पोटरीएवढं पुरतं. धरावं लागतं. मानेवर गुडघा, केस मुठीत, दोनदा खडकावर तोंड आपटलं की दात पडतात आणि तोंड उघडतं, आपोआप, मग पाणी आत, मग पाय झाडतो, नखं खरवडतो – हे मनगट बघा – मग फार वेळ नाही. पुढचं भरतीने केलं. पाणी लाल होतं तरी हे पठ्ठे कपारीतून बाहेर येऊन बघत होते –

– वही का मिटलीत?

काय म्हणालात? वाटीवाला लिहू? साधा मासा, सगळीकडे सापडतो, असं? – साहेब. तुम्ही बघितलंत ना तिला, आतल्या खोलीत. जबडा तारेने बांधलाय, नळीने दूध पिते. बोलता येत नाही म्हणून जबानी कागदावर लिहून दिली तिने तुम्हाला, शुक्रवारी दादा दिवसभर माझ्या उशाशी होता, असं – मी सांगितलं नव्हतं हो, आपणहून लिहिलं पोरीने. माझ्याशिवाय कोण आहे तिला? मी आत गेलो तर हिला दूध कोण देणार? उपकार झाले तुमचे. बहीण असेल तुम्हालाही. भावाने बहिणीसाठी केलं, कोणीही केलं असतं – लगेच नाही, बरं का. जबडा मोडला त्याने सोमवारी, आणि हे शुक्रवारी.

मधले दिवस? काही नाही, मधले – सोमवारी मी ह्याच खुर्चीत होतो. वर काहीतरी भिंतीवर आपटलं, मग तिची हाक आली, दादा म्हणून. दोनदा आली. सुई हातात होती, सात काटे मोजून झाले होते, मध्ये उठलं की पहिल्यापासून मोजावे लागतात. नवरा-बायकोचं आहे, म्हटलं, मिटेल. आणि गुरुवारी तो खाली आला. हे फडताळ रिकामं दिसतंय ना, इथे चारशे बरण्या होत्या, चारशे, एकेक उचलून भिंतीवर फोडली त्याने, मासे टाचेखाली चिरडले, हसत होता, म्हणे सगळे सारखेच दिसतात, ह्यांना काय नावं ठेवायची! चिठ्ठ्या भिजल्या, शाई पसरली, कुठली कोणाची कळेना. काचा वेचल्या मी. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हटलं, चला जावईबापू, तुम्हाला एक गंमत दाखवतो. आणि मान धरली तेव्हा डोळ्यांपुढे बरण्या होत्या, साहेब, उगाच खोटं कशाला. बरण्याच होत्या. ती नव्हती –

– कोण आहे? धाकटे? तू कशाला उठलीस? कधीपासून उभी आहेस दारात? – पड जा बघू, डॉक्टरांनी काय सांगितलंय – अगं, साहेबांना आपलं काहीतरी सांगत होतो मी, तसं नव्हतं ते, हाक नीट ऐकू आली नव्हती मला, दार लावलेलं होतं, वारा होता – माझ्याकडे बघ. धाकटे, इकडे बघ ना. साहेबांपुढचा तो जबानीचा कागद कशाला उचललास, ठेव खाली. काय हवंय तुला? दूध हवंय? – साहेब, तिला पेन देऊ नका. साहेब –