बाईंच्या पिस्तुलावर बसवलेला लाल ठिपका

माझं मूळ गाव पेडगाव. घरी शेती होती, पण मला लहानपणापासून वाचायचा नाद, औत हाती धरलं तरी लक्ष भलतीकडे, आणि वडील म्हणायचे, याला कुठंतरी पुस्तकातच चिकटवून द्या. तसंच झालं. मानवतला एका शाळेत ग्रंथपाल म्हणून लागलो, आणि तिथंच क्रीडाशिक्षिका असलेल्या रत्नमालेशी लग्न झालं. मी मुखदुर्बळ, आणि ती मैदानावरून ओरडली की वाचनालयात मुलं सावरून बसायची. सगळे तिला बाई म्हणत. पुढं पुढं मीही बाईच म्हणायला लागलो.

शाळेमागं कापसाचं एक जुनं गोदाम होतं. बाईंनी ते संस्थेकडून मागून घेतलं, झाडलं, चुना मारला आणि तिथं दहा मीटरची रेंज केली. छऱ्याचं पिस्तूल, नेमबाजीचं, ते तिचं स्वतःचं. मुलींना शिकवायची, आणि मुली घरी गेल्या की स्वतः उभी राहायची. मी दुर्बिणीपाशी बसायचो. छर्रा सुटला की आधी तिनं सांगायचं तो कुठं लागला असेल, मग मी बघून सांगायचं, घड्याळाच्या भाषेत, नऊ, चार वाजता, म्हणजे नऊच्या वर्तुळात, घड्याळात चारचा आकडा असतो त्या बाजूला. आमच्या संसारात इतर बोलणं बेताचं, पण हे बोलणं कधी चुकलं नाही.

मग ती आजारी पडली. औषधांनी नजर अंधुक झाली, मनगटात कंप आला. तरी यायची. पिस्तुलाला मागं नेम धरायची खाचेची साइट असते, तिला बारीक स्क्रू असतात, फिरवलं की खट्ट वाजतं आणि नेम केसभर सरकतो. नजर जशी खाली जाईल तशी ती ते खटके बदलत गेली. काय सांगू तुम्हाला, एकाचा चष्मा दुसऱ्याला चालत नाही, तशी ती साइट शेवटी शेवटी फक्त तिच्याच डोळ्याची झाली होती. मी एकदा त्या पिस्तुलानं मारून बघितलं तर छर्रा वर्तुळांच्या कार्डाच्या पार कडेला. ती हसली, म्हणाली, अहो, तुम्ही माझ्या डोळ्यानं बघायलात.

ती गेली. मी पिस्तूल पेटीत ठेवलं. फोटोत डोळे असतात, पण ते बघत नाहीत. त्या साइटमध्ये मात्र तिचं बघणं जसंच्या तसं राहिलं होतं. मला तेवढं हवं होतं, बाकी काही नाही.

वर्षश्राद्धाच्या सुमाराला संस्थेचे सचिव घरी आले. बाईंच्या नावानं स्पर्धा ठेवायलोत, उद्घाटनाला संस्थेचे अध्यक्षसाहेब येणार हायत, पहिला छर्रा साहेब मारणार, आणि तो बाईंच्याच पिस्तुलानं. मी म्हणालो, त्या साइटवरून साहेबांचा नेम लागणार नाही. ते म्हणाले, त्याची सोय केली हाय, लाल ठिपक्याची साइट मागवली, काचेतला ठिपका जिथं ठेवला तिथंच लागतंय. स्पर्धेत असला ठिपका चालत नाही, हे त्यांना माहीत होतं. साहेबांची कुठं स्पर्धा हाय, म्हणाले. आणि हसले. तोंडातला तोबरा सांभाळत हसले, आणि मग माझ्या अंगणातल्या तुळशीच्या कडेला थुंकले.

बाईंचं नाव होतं, म्हणून मी पेटी दिली. साइट जपा, एवढं दोनदा बजावलं.

दुसऱ्या दिवशी रेंजवर गेलो तर नवे क्रीडाशिक्षक कदम ठिपका बसवून तयार. मागची साइट डोळ्याच्या वाटेत येत होती, काढून ठेवली सर, म्हणाले. मला म्हणाले, तुमी दुर्बिणीवर बसा. सरकी भरलेल्या उशीवर पिस्तूल टेकवून ते छर्रे मारायचे, मी सांगायचो, सहा, सात वाजता. ते स्क्रू फिरवायचे, मी सांगायचो, अजून डावीकडेच लागतंय. तेच शब्द, तीच खुर्ची, आणि उत्तर देणारा आवाज दुसरा. पण नेम बसला. छर्रे दहाच्या वर्तुळात जायला लागले.

कार्यक्रमाच्या दिवशी फोटोग्राफर म्हणाला, साहेब, कार्ड आणि बाईंचा फोटो एका चौकटीत यायला पाहिजे. लगेच टेबल ओढलं, बाईंचा हार घातलेला फोटो ठेवला, त्याच्या मागून कार्ड वर काढलं, आणि सगळं साहेबांच्या पुढं चार पावलांवर आणून मांडलं. मी म्हणालो, फोटो तरी बाजूला घ्या. कदम म्हणाले, सर, जवळ घेतलं तर साहेबांना सोपंच जाईल. हा ठिपका नळीच्या वर दोन बोटं असतो, दोन्हींच्या रेषा आम्ही दहा मीटरवर जुळवल्या होत्या, जवळ आणलं तर छर्रा खालीच लागणार, हे त्या गडबडीत त्यांच्या ध्यानात आलं नाही, आणि माझ्याही नाही.

साहेबांनी मारला. छर्रा हारात गेला. झेंडूचं एक फूल उडालं, पाकळ्या तिच्या चेहऱ्यावरून घसरल्या.

मग सचिवांनी माईक घेतला आणि म्हणाले, साहेबांनी बाईंना फुलं वाहिली. आणि टाळ्या, काय सांगू तुम्हाला, टाळ्या. पुढच्या रांगेतले तर उठून वाजवायलेत. साहेबांनी वाकून नमस्कार केला. मग कुणीतरी मधोमध भोक पाडलेलं दुसरं कार्ड आणलं, ते आधीच पाडून ठेवलेलं होतं, आणि ते हातात धरून साहेबांचा फोटो निघाला. त्या फोटोत बाई नाहीत. मी मोरीत जाऊन चूळ भरली, पुन्हा भरली, पण तोंडाची कडू चव जाईना.

माणसं पांगल्यावर मी कदमांना म्हणालो, आता ठिपका काढा आणि बाईंची साइट होती तशी बसवून द्या. त्यांनी खिशातून पुडी काढून माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, सर, लय वाकडी झाली होती, मी साफ करून सगळे खटके झिरोवर आणून ठेवलेत.

चांगलं म्हणूनच केलं त्यांनी. नव्यासारखी चमकत होती साइट.

ती मी परत बसवली, पण फिरवली नाही. कोणत्या खटक्यावर नेणार? पिस्तूल रेंजला देऊन टाकलं. आता सातवीआठवीच्या मुली वापरतात, एकीनं लावलेली साइट दुसरी फिरवते, तिची तिसरी, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही, खरंच नाही. देव त्यांच्या हाताला स्थिरता देवो, नजर शाबूत ठेवो. सचिवांचा परवा फोन होता, यंदा याहून मोठा कार्यक्रम करायलोत म्हणून. मी म्हणालो, करा, नाव दुसऱ्या कुणाचं तरी द्या. ते म्हणाले, बघू. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांसाठी माझ्या मनातून काही चांगलं निघत नाही. निघावं म्हणून आधी धडपडायचो, ते आता सोडून दिलंय.